टेबलाखालची पेटी

पहाटे पावणेसहा

चहाचं आधण ठेवलं की मी रिसीव्हर लावते. सात मेगाहर्ट्झ, हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींचा चाळीस मीटरचा पट्टा. पावसाळ्यात विजांचा कडकडाट फार, तरी या वेळेला दक्षिणेकडची स्टेशनं बऱ्यापैकी येतात. आज एक जुने ओळखीचे काका ए.एम.वर बोलत होते. आवाज भरदार, पण त्याच्याखाली सतत एक घुमारा.

घुमारा ऐकला की मी आधी त्याची पट्टी ओळखते. आपली वीज ५० हर्ट्झची. पॉवर सप्लायमधला रेक्टिफायर दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून त्याच्या पुढे जी थरथर उरते ती १०० हर्ट्झची. तंबोऱ्याचा खर्ज आणि त्याच्या वरचा षड्ज यांत जेवढं अंतर, तेवढंच या दोन आवाजांत. खर्ज ऐकू आला तर रेक्टिफायरची एक बाजू झोपलेली असण्याची शक्यता मोठी. वरचा सूर ऐकू आला तर दोन्ही बाजू चालू आहेत, फिल्टरचा कंडेन्सर आटलाय.

आजचा वरचा होता. माझी पाळी आल्यावर सांगितलं, "काका, व्हॉल्व्ह बदलू नका. फिल्टर कंडेन्सर बघा. आणि उघडण्याआधी अर्थची काठी लावा." ते म्हणाले, गेल्या महिन्यात दोन व्हॉल्व्ह बदलून झाले. बहुतेकांचं असंच होतं. काचेत जळणारी वस्तू डोळ्यांपुढे असते, तिच्यावर संशय जातो. टेबलाखाली पायाशी ठेवलेली पॉवर सप्लायची लोखंडी पेटी कुणी उघडत नाही.

सात

कोपऱ्यातल्या फळीवर दोन जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर कामाला लावले. आज जी पेटी उघडायची आहे तिच्यातले नाहीत, दुसऱ्याच एका सप्लायमधले आहेत, वीसेक वर्षं बंद होते. यांच्या आत ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि तिच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. तो थर म्हणजेच इन्सुलेशन. कंडेन्सर वर्षानुवर्षं पडून राहिला की थर झिजतो. अशात एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर आतून करंट झिरपतो, द्रव तापतो आणि डबा फुटतो. हळूहळू दिलं तर तोच झिरपणारा करंट थर पुन्हा बांधून काढतो.

मी ३५० व्होल्टचा सप्लाय घेते आणि मध्ये ४७ किलोओमचा रेझिस्टन्स टाकते. त्या रेझिस्टन्सवर किती व्होल्ट पडतात ते मोजलं की किती झिरपतंय ते कळतं. सात वाजता पहिल्याचे ९४ व्होल्ट, म्हणजे दोन मिलीअँपिअर. दुसऱ्याचे ११८, म्हणजे अडीच. वहीत लिहिलं. आज गुरुवार. अकरा वाजता देखभालीसाठी वीज जाणार, त्याच्या आत जेवढं होईल तेवढं.

साडेआठ

मंगळवारी साताऱ्याकडचा एक तरुण आज उघडायची ही पेटी घेऊन आला होता. वीस किलो तरी असेल. आजोबांनी साठच्या दशकात घरी बांधलेल्या ट्रान्समीटरचा पॉवर सप्लाय. फायनलला दोन एट-ओ-सेव्हन, मॉड्युलेटरला आणखी दोन.

८०७ हा व्हॉल्व्ह अमेरिकेत आरसीएने १९३६मध्ये आणला. दुसऱ्या महायुद्धात तो ढिगांनी बनला आणि युद्ध संपल्यावर डिस्पोजलच्या मालात आपल्याकडच्या बाजारांत आला. माझ्या बाबांच्या पिढीतल्या कितीतरी हॅमनी पहिला ट्रान्समीटर याच व्हॉल्व्हवर बांधला. ६०० व्होल्टला तो खुशीने काम करतो. आणि ६०० व्होल्ट आले की पेटी आली.

या मुलाने ॲमॅच्युअर रेडिओची परीक्षा दिली आहे, परवान्याची वाट बघतोय. तोवर आजोबांचा सेट नीट करून ठेवावा म्हणून त्याने पेटीची पिन लावली. गुणगुण झाली, मिनिटाभरात फ्यूज उडाला. "मग काय केलंस?" मी विचारलं. म्हणाला, "काही नाही काकू, पिन काढली आणि तुम्हाला फोन केला." मला फार बरं वाटलं. गेल्या वर्षी कोकणातून एक सप्लाय आला, त्याच्या फ्यूजच्या जागी कुणा दुरुस्तीवाल्याने तांब्याची जाड तार गुंडाळली होती. कंडेन्सर शॉर्ट झाला, तार टिकली आणि ट्रान्सफॉर्मर जळला. या कामात मी बाकी सगळ्या गोष्टी बाजारातून आणू शकते. कंडेन्सर मिळतात, रेझिस्टन्स मिळतात, व्हॉल्व्हही शोधले तर मिळतात. त्या मापाचा, त्या व्होल्टेजचा, त्या चासीवर बसणारा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. तो गेला की नाना पेठेतल्या वाइंडर अण्णांकडे जायचं, त्यांनी एकेक वेढा मोजत जुनी गुंडाळी उलगडायची, नवी तार भरायची, वार्निश करून शेकायची. त्यांचेही हात आता थकलेत. म्हणून या पेटीत मी जे काही करते ते शेवटी त्या लोखंडाला वाचवण्यासाठी.

मंगळवारी ट्रान्सफॉर्मर इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरवर लावला तेव्हा वाइंडिंग ते चासी इन्सुलेशन अवघं ४ मेगओम आलं. घाबरण्याचं कारण नव्हतं. कागदाच्या थरांनी पावसाळ्याची ओल ओढली होती. पत्र्याच्या कपाटात १०० वॅटचा बल्ब लावून पेटी दोन दिवस आत ठेवली. आज पुन्हा मेगर लावला तर ८० मेगओम. ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे.

साडेनऊ

आता खरं उघडायचं. पेटी दोन दिवस विजेपासून लांब आहे, मंगळवारी मी स्वतः कंडेन्सर रिकामे केलेत, तरी पहिलं काम काठीचंच. हातभर बेकेलाइटची काठी, टोकाला पितळी आकडा, त्यातून जाड तार चासीला. आकडा कंडेन्सरच्या टोकाला लावला आणि तिथेच अडकवून ठेवला. एकदा टेकवून काढायचं नाही. कंडेन्सरचं इन्सुलेशन थोडा भार आत धरून ठेवतं. शॉर्ट करून सोडला तरी काही मिनिटांत टोकांवर व्होल्टेज परत चढतं. माझ्या उजव्या अंगठ्यावर तांदळाएवढा पांढरा डाग आहे, तो अशाच एका उतरवलेल्या कंडेन्सरचा. बारावीत होते. बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझा डावा हात धरून पाठीमागे ठेवला. दोन हात आत गेले की करंट छातीतून जातो. तेव्हापासून चालू सेटमध्ये मी एकच हात घालते.

तळ उघडला तर वाळून चिपाड झालेली पाल. ती ब्रशने काढली. कापडी वेष्टणाच्या तारा अजून मऊ, रबराच्या मात्र बोट लावताच तुकडे पडणाऱ्या. आजोबांचा हात सुरेख होता. प्रत्येक डाख चकचकीत, तारांचे काटकोन, टॅगबोर्डावर पेन्सिलीने लिहिलेले आकडे.

त्या सुरेख कामात दोन वस्तू परक्या दिसत होत्या. १०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक, सिरीजमध्ये, नंतर कधीतरी जोडलेले. दोघांची डोकी फुगलेली. फ्यूज उडाला तो यांच्यामुळे हे उघड होतं. नवे लावले की घुमारा जाईल, पेटी चालेल, आणि काही महिन्यांनी तेही फुगतील. कारण हे का फुगले, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

ट्रान्सफॉर्मर ७५०-०-७५०चा आहे. रेक्टिफायरनंतर आधी चोक, म्हणजे लोखंडावरची तारेची गुंडाळी, मग कंडेन्सर. अशा रचनेत चोकमधून थोडा तरी करंट सतत वाहत असला तर बाहेर ट्रान्सफॉर्मरच्या नऊ दशांश व्होल्टेज मिळतं, इथे तोटे वजा करून ६२०च्या आसपास. तो थोडा करंट वाहता ठेवण्यासाठी कंडेन्सरवर आडवा एक मोठा रेझिस्टन्स कायमचा लावलेला असतो, ब्लीडर. त्याचं दुसरं काम म्हणजे पेटी बंद केल्यावर कंडेन्सर रिकामे करणं. पण ब्लीडर तुटला आणि ट्रान्समीटर बोलत नसला, तर चोकमधून काहीच वाहत नाही. मग कंडेन्सर लाटेच्या शिखरापर्यंत भरतात. ७५० गुणिले १.४१ म्हणजे हजारावर साठ. दोन ४५० व्होल्टचे मिळून सोसणार ९००.

मीटर ब्लीडरवर ठेवला. २५ किलोओमचा, हिरव्या मुलाम्याचा, बोटभर जाड. काटा हललाच नाही. भिंगातून बघितलं तर मुलाम्याला केसाएवढी भेग आणि आत तुटलेली तार. साठ वर्षं रोज पंधरा वॅट जाळून तो थकला होता.

म्हणजे आधी ब्लीडर गेला, मग व्होल्टेज चढलं, मग कंडेन्सर फुगले, मग फ्यूज. त्यात दोघांवर व्होल्टेज सारखं वाटून देणारे रेझिस्टन्सही कुणी लावले नव्हते. ब्लीडर तुटलेली पेटी बाहेरून अगदी नेहमीसारखी दिसते. दिवा विझतो, गुणगुण थांबते, आणि आत शेकडो व्होल्ट तसेच उभे असतात. जो कुणी मला या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग विचारतो, त्याला मी या काही रुपयांच्या रेझिस्टन्सकडे बोट दाखवते.

फळीवरचे कंडेन्सर: पहिला ३८ व्होल्ट, दुसरा ८०.

अकरा

वीज गेली. छत्री घेऊन बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत.

इलेक्ट्रोलिटिकच्या जागी मी पंपाच्या मोटरचे रनिंग कंडेन्सर आणते. ५० मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसी. आत पॉलिप्रॉपिलिनची फिल्म असते, आटणारा द्रव नाही. ४४० एसीचं शिखर ६२२ व्होल्ट, म्हणून दोन सिरीजमध्ये लावले की उद्या ब्लीडर पुन्हा गेला तरी हजार व्होल्टला ते घाबरणार नाहीत. दोन मिळून २५ मायक्रोफॅरड होतात, आजोबांच्या मूळच्या आठाच्या तेलाच्या कंडेन्सरसोबत पुरेसे. तो तेलाचा डबा मी ठेवणार आहे. झिरपत नाही, शिवण कोरडी आहे. झिरपत असता तर हातमोजे घालून बाहेर काढला असता, कारण त्या काळच्या तेलांत पीसीबी नावाची विषारी रसायनं असत आणि तसला डबा फोडायचा किंवा जाळायचा नसतो.

ब्लीडर मात्र एक नाही, दोन घेतले. ५० किलोओम, २५ वॅटचे, समांतर लावायला. दोन मिळून २५ किलोओमच होतात, प्रत्येकाला आठ वॅटसुद्धा पडत नाहीत, आणि एक तुटला तरी दुसरा कंडेन्सर उतरवतो. शिवाय थ्री-पिन टॉप, तीन तारांची केबल, फ्यूज होल्डर. दुकानदार विचारत होता, मोटर कुठली आहे. कशासाठी ते सांगितलं, तर त्याने ड्रॉवरमधून ६० वॅटचे तारेचे तीन बल्ब काढून दिले. "तुम्हालाच लागतात, बाकी कुणी विचारत नाही."

तीन

जेवण झालं, वीज आली. फळीवरचे दोघे पुन्हा चालू केले आणि सोल्डरिंग आयर्न तापेस्तोवर फोन. न्यू जर्सीहून मावसभाऊ. तोही हॅम आहे, डिसेंबरात येताना तिथे घेतलेला जुना ट्रान्समीटर आणतोय. "स्टेपडाउन लावला की झालं ना, ताई?"

"आधी पाटी वाच. किती सायकल लिहिलंय?"

११५ व्होल्ट, ६० सायकल. फक्त ६०. तिथेच अडचण आहे. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडात किती चुंबकत्व भरतं ते व्होल्टेज भागिले वारंवारता यावर ठरतं. तेच ११५ व्होल्ट ५० हर्ट्झला दिले की चुंबकत्व वीस टक्क्यांनी वाढतं. ज्या कंपनीने लोखंड सढळ वापरलं तिचा ट्रान्सफॉर्मर हे सोसतो, जिने मोजूनमापून वापरलं तिचा तापून भाजतो. व्होल्टेज ९६पर्यंत उतरवलं तर लोखंड सुखी होतं, पण मग फिलामेंटचे ६.३ व्होल्ट सव्वापाचावर येतात आणि उपाशी फिलामेंटचे व्हॉल्व्ह लवकर मरतात. मी त्याला सांगितलं, प्लेटचा ट्रान्सफॉर्मर ९६वर चालवू, फिलामेंटसाठी इथला वेगळा बसवू. आल्यावर आधी माझ्याकडे आण, पिन लावू नकोस. त्याने दोनदा "नाही लावत" म्हटलं तेव्हा फोन ठेवला.

मग दोन तास डाख. याबद्दल सांगण्यासारखं थोडंच. जुनी दोनतारी केबल काढली, तिसरी तार चासीला बोल्टने आवळली. मेन्सपासून चासीला जाणारे दोन जुने कागदी कंडेन्सर काढून वाय दर्जाचे सुरक्षित लावले. तसला कागदी कंडेन्सर शॉर्ट झाला आणि अर्थ नसली तर सगळी पेटीच फेज होते. आजोबांचे पेन्सिलीचे आकडे जिथे दिसतात तिथे तार वळसा घालून नेली.

साडेपाच

वरच्या मजल्यावरचा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज सुटलं की येतो. रेक्टिफायरचे दोन व्हॉल्व्ह आम्ही दोघांनी मिळून बसवले. ८६६ए. आत पाऱ्याचा थेंब असतो, पाऱ्याच्या वाफेतून करंट जातो. साताऱ्याहून आडवेतिडवे येताना पारा आत सगळीकडे उडालेला. तो फिलामेंटच्या उष्णतेने खाली येईपर्यंत प्लेटला व्होल्टेज द्यायचं नाही, दिलं तर आतल्या आत ठिणगी पडते. एरवी अर्ध्या मिनिटाची वाट पुरते, पण हलवलेल्या व्हॉल्व्हला मी अर्धा तास देते.

इथे शिकलेली माणसंसुद्धा एक चूक करतात. जुनी पेटी हळू उठवायची म्हणून सगळीच डिमरस्टॅटवर लावून शून्यापासून चढवत नेतात. ८६६एला हे चालत नाही. फिलामेंट अर्धवट गरम असताना प्लेटवर व्होल्टेज आलं की पाऱ्याचे आयन कॅथोडवर आदळून त्याचा लेप उडवतात. म्हणून फिलामेंटच्या ट्रान्सफॉर्मरला पूर्ण २३० व्होल्ट, आणि डिमरस्टॅट फक्त प्लेटच्या ट्रान्सफॉर्मरला, मध्ये सिरीज बोर्डावरचा १०० वॅटचा बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो.

अर्धा तास बसून राहिलो. मुलगा म्हणाला, "मावशी, इथे डायोड लावले तर ही वाट बघायलाच नको."

विचार बरोबर होता. किती लागतील, मी विचारलं. त्याने हिशोब केला: उलटं व्होल्टेज ७५०च्या २.८३ पट, एकवीसशे, १एन४००७ हजाराचा, एका बाजूला तीन. मी म्हटलं, पाच लाव, विजेच्या एका झटक्याला तीन पुरत नाहीत. व्होल्टेजही फारसं बदलणार नाही, कारण ८६६एमध्ये जेमतेम १५ व्होल्ट पडतात. ५आर४सारख्या निर्वात व्हॉल्व्हच्या जागी डायोड घातले तर ५० किंवा जास्त व्होल्ट वाढतात आणि पुढचे कंडेन्सर रडतात, तसं इथे नाही. पण हे दोन व्हॉल्व्ह चांगले आहेत. आणि त्यांच्यासाठी थांबावं लागतं त्या वेळात एट-ओ-सेव्हनचे फिलामेंट निवांत तापतात. चांगल्या वस्तूला मी हात लावत नाही.

फळीवर पहिला कंडेन्सर १२ व्होल्टवर आला, पाव मिलीअँपिअर. तो पास. दुसरा ६१वर अडून बसलाय. मुलाने त्याच्यावर फुली मारली.

साडेसहा

खोलीतला दिवा घालवला. डिमरस्टॅट ४० व्होल्टवर. बल्ब काळा. ८०वर आला आणि दोन्ही व्हॉल्व्हमध्ये, प्लेटच्या टोपीखाली, उजेड धरला. जांभळट निळा, कडेला विरत गेलेला. मुलगा पहिल्यांदाच बघत होता, तो बोलायचा थांबला. मी त्या उजेडाचं निदान करते: दोन्हीकडे सारखा हवा, लुकलुकता नको. सारखा होता.

सिरीज बल्ब काढून दहा-दहा व्होल्टने चढवत २३०वर आणलं. मोकळ्यावर ६३५. मग ६० वॅटचे तीन बल्ब एकापुढे एक जोडून भार दिला. तिघे मिळून पाव अँपिअरच्या आसपास घेतात, दोन एट-ओ-सेव्हनच्या भुकेहून थोडा जास्त. व्होल्टेज ५९०वर आलं आणि तिथेच राहिलं. नव्या दोन कंडेन्सरवर व्होल्टेज निम्मंनिम्मं. चोक किंचित गुणगुणतोय, ट्रान्सफॉर्मर गप्प. तासभर तसंच चालू ठेवलं. दर दहा मिनिटांनी बंद करून, आकडा लावून, ट्रान्सफॉर्मरला तळहात. शेवटी हात ठेवून पन्नासपर्यंत मोजता येत होतं. एवढं ठीक.

आठ

शेवटची परीक्षा मी मुलाला दिली. भार काढला, मीटर कंडेन्सरवर. "बंद कर आणि मोज."

त्याने स्विच पाडला. काटा सहाशेवरून झरझर खाली. "एक, दोन, तीन." तीनला तीस व्होल्टच्या खाली. मग एक ब्लीडर सोडवून पुन्हा. या वेळी पाच लागले, पण उतरला. पुन्हा जोडला.

त्याने काठी उचलली, डावा हात पाठीमागे घेतला आणि आकडा अडकवला. मी सांगितलं नव्हतं.

साताऱ्याला फोन करून रविवारी यायला सांगितलं, आणि येताना ट्रान्समीटरही आण, अँटेनाऐवजी डमी लोडवर लावून बघू. वहीत आकडे उतरवले: मोकळ्यावर ६३५, भारावर ५९०, मेगर ८०. कंडेन्सरच्या दोन टोकांना तारेची क्लिप लावून ठेवली, तिला पुठ्ठा बांधला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: क्लिप काढल्याशिवाय पिन लावू नये. बाहेर पाऊस वाढला होता. पेटी परत पत्र्याच्या कपाटात ठेवून आतला बल्ब लावला.